इथलं ठीक आहे, पण…

मराठी माणूस ज्या हॉटेलात बसून जेवत असतो, त्या हॉटेलाबद्दल तो जेवताना बोलत नाही. तो दुसऱ्या हॉटेलाबद्दल बोलतो. कोल्हापुरात पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली की त्याला नागपूरचं सावजी मटण आठवतं. नागपुरात सावजीकडे घाम पुसत बसला की मालवणची सोलकढी आठवते. आणि मालवणात, समोर तव्यावरून नुकताच उतरलेला बांगडा, खिडकीतून समुद्राचा वारा, अशा वेळी तो म्हणतो, "हे ठीक आहे हो, पण बांद्र्याला हायवे गोमंतकमध्ये जाऊन बघा एकदा." तोवर बांगड्याची एक बाजू साफ झालेली असते. बोलण्यामुळे हाताचा वेग कमी झाला, असं मी कधी पाहिलेलं नाही.

अशा पुष्कळ टेबलांवर बसून माझं एक मत झालं आहे. आपल्याकडे चांगलं हॉटेल म्हणजे जे या घडीला हाताशी नाही ते. ते दुसऱ्या गावाला असतं, नाहीतर तीस वर्षांपूर्वी असतं, नाहीतर आज नेमकं बंद असतं. हाताशी असलेल्या हॉटेलात फक्त जेवायचं.

मिसळीचंच घ्या. (मिसळीला वगळून महाराष्ट्रातल्या हॉटेलांवर लिहिता येईल का, याचा मी विचार करून पाहिला. नाही येत.) मी ठाण्याचा, म्हणजे मामलेदारचा. तहसील कचेरीला खेटून असलेल्या त्या मिसळीला नाव कचेरीवरूनच पडलं, आणि आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आणायचं काम दोन्हीकडे आपापल्या परीने चालत आलं आहे. कमी तिखट, मध्यम आणि तिखट अशा तिथे इयत्ता आहेत. मी मध्यममध्ये आहे, आणि वय बघता वरच्या वर्गात जाईनसं वाटत नाही. पण ठाण्याबाहेर कुणी विचारलं तर मी 'तिखट'च खातो.

आमचे साडू नाशिकचे. त्यांच्या मते मिसळ ही बसून खायची गोष्ट आहे आणि बसायला निदान एकरभर मळा लागतो. गंगापूर रोडने गावाबाहेर पडायचं, मळ्यात गाडी घालायची, पोरांना झोक्यावर सोडायचं, आणि मग काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही आणि शेवटी जिलेबी. ठाण्यात आले होते तेव्हा मी त्यांना मोठ्या अभिमानाने मामलेदारला नेलं. आजूबाजूला बघत ते म्हणाले, "छान आहे हो. पण पापड नाही देत?" पापड न देणारा माणूस आयुष्यात आणखी कायकाय देत नसेल, असा तो सूर होता.

कोल्हापूरचा एक मित्र आहे. त्याच्याकडे फडतरे, चोरगे, खासबाग, बावडा अशी नावं गाण्यातल्या घराण्यांसारखी घेतली जातात, आणि एका घराण्याचा माणूस दुसऱ्याच्या दारात सहसा बसत नाही. त्याला मी एकदा पुण्याला आत्याकडे नेलं. आत्याने आम्हाला कौतुकाने नारायण पेठेत बेडेकरांकडे धाडलं. बेडेकरांची मिसळ किंचित गोडसर, सोबत स्लाइस ब्रेड. आत्याचं म्हणणं असं की ज्याला चव जमत नाही तो तिखट घालतो. मित्राने पहिला चमचा घेतला, दुसरा घेतला, वाटीभर रस्सा मागून घेतला, प्लेट चाटूनपुसून स्वच्छ केली आणि शांतपणे विचारलं, "आमटी झ्याक हाय. मिसळ कधी येणार?"

हे मी आत्याला सांगितलेलं नाही.

पुढे २०१५ साली लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत दादरच्या 'आस्वाद'ची मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. आपला पदार्थ सातासमुद्रापार जाऊन पहिला आला म्हटल्यावर महाराष्ट्रभर पेढे वाटले जायला हवे होते. आमच्या गोतावळ्यात काय झालं ते सांगतो. साडूंनी फोन करून विचारलं, "परीक्षक नाशिकला येऊन गेले होते का? नाही ना? मग?" कोल्हापूरचा मित्र म्हणाला, "गोऱ्यांना झेपंल तेवढंच तिखट. त्याचा काय नंबर काढायचा, भावा?" आत्याचं म्हणणं, "मिसळीसाठी दादरला कोण जातं? दादरला जावं ते प्रकाशकडे, साबुदाणा वडा आणि पियुष घ्यायला." मी काही बोललो नाही. लंडनकडून हरलो असतो तर चाललं असतं, दादरकडून हरलो. रोज सकाळी त्याच लोकलने दादरला उतरणाऱ्या माणसाचं ते दुःख आहे, बाहेरच्याला नाही कळायचं.

आता बंद हॉटेलांविषयी. प्रत्येक कुटुंबात एक 'मी नेतो तुम्हाला' असतो. आमच्यात हे पद दाजींकडे आहे. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, साताऱ्याचे आहेत. एका उन्हाळ्यात पुण्याहून साताऱ्याकडे निघालो असताना त्यांनी जाहीर केलं की आज मटण खायचं ते हायवेवर नाही. हायवे सोडून आत गेलं की एक जागा आहे. बाई चुलीवर करते. पाटी नाही, मेन्यू नाही, पण आमदार येऊन रांगेत बसतात. (अशा प्रत्येक जागी आमदार येऊन बसतात. विधानसभेचं काम मग कधी चालतं कोण जाणे.)

साडेबाराला भूक लागायला सुरुवात झाली. एक बरं हॉटेल दिसलं. झाडं, सावली, पुढे ऐसपैस जागा.

"इथे थांबू या का?" बहिणीने विचारलं.

"इथे? ट्रक दिसतोय का एक तरी? जिथे ट्रक थांबतात तिथेच जेवण चांगलं असतं."

पुढच्या हॉटेलासमोर चार ट्रक उभे होते. मी ते दाजींच्या नजरेला आणले.

"ते पंक्चरवाल्याकडे आलेत," दाजी म्हणाले.

हायवे सुटला. मग डांबरी रस्ता सुटला. ज्वारीच्या शेतांतून, एका बंद पडलेल्या साकवावरून, दोन वेळा रस्ता विचारत आम्ही दीडच्या सुमाराला त्या जागी पोचलो. पत्र्याची शेड, बाहेर पालथी घातलेली पातेली, विझलेली चूल आणि उंबऱ्यावर तंबाखू मळत बसलेला एक माणूस. दाजींनी काच खाली घेतली. त्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "संपलं. साडेअकरालाच संपलं."

अशा वेळी सर्वसाधारण माणसाचा चेहरा पडेल. दाजींचा उजळला. आमच्याकडे वळून ते विजयाने म्हणाले, "बघा! साडेअकराला संपतं. म्हणजे काय असेल विचार करा!"

आम्ही केला. पोटात काही नसताना मटणाचा विचार फार सविस्तर होतो. कुणीही तक्रार केली नाही. उलट परतीच्या रस्त्यावर गाडीत त्या मटणाविषयी एक आदर पसरला. तीन वाजता आम्ही हायवेवरच्या त्याच पहिल्या, झाडांच्या हॉटेलात बसलो होतो. राइस प्लेट संपली होती. व्हेज पुलाव होता. तो खाताना दाजींनी आम्हाला त्या बाईचा मसाला, भाकरीचा पापुद्रा आणि सुक्या मटणातल्या खोबऱ्याचं प्रमाण इतकं बारकाईने सांगितलं की भाच्याने पुलावातून हाड शोधायला सुरुवात केली.

ते मटण मी अजूनही खाल्लेलं नाही. पण ऑफिसात कुणी चांगल्या मटणाचा विषय काढला की मी तेच सांगतो. "साडेअकराला संपतं," एवढं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

तिसरं उत्तम हॉटेल भूतकाळातलं, आणि त्याचे मालक आमचे काका. काका म्हणजे पुण्याच्या आत्याचे यजमान. फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीचं पूर्वीचं नाव मद्रास हेल्थ होम. हल्लीची मुलं तिथे एसपीडीपी खायला जातात. काका आजही 'मद्रासला' जातात. घरात नवी सून आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात सकाळी सकाळी काका टोपी घालून "मद्रासला जाऊन येतो" म्हणाले, आणि तिने घाईघाईने प्रवासासाठी दशम्या करायला घेतल्या. काकांना ती सून तेव्हापासून आवडते.

जुनं नाव घेण्याचा उपयोग असा की समोरच्याला एका फटक्यात धाकटा करता येतं. तुम्ही कितीही वर्षं त्या हॉटेलात जात असा, नाव बदलायच्या आधीपासून जाणारा एक जण त्या टेबलावर असतोच. मग तो डोसा कसा होता, केवढा होता, केवढ्याला होता आणि तो आणून देणारा वेटर काय नावाचा होता, हे सगळं ऐकून घ्यावं लागतं. आणि शेवटी ते वाक्य येतं: "आता ती चव राहिली नाही."

या वाक्यावर अपील नाही. काकांना डॉक्टरांनी मीठ तोडलं आहे. वरची कवळी दिवाळीला बसवली, खालची पाडव्याला. सर्दीमुळे उजवी नाकपुडी बारा महिने बंद. चव मात्र हॉटेलची गेली.

इराण्यांच्या बाबतीत तर काका जुन्या गैरसोयींसाठीही हळहळतात. डेक्कनचं गुडलक १९३५ सालचं, मुंबईत बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं, धोबीतलावचं कयानी त्याहून जुनं, १९०४ चं. ही ठिकाणं अजून चालू आहेत, बन-मस्का अजून चहात बुडवला की मस्क्याचे पिवळे थेंब वर येतात, बेरी पुलाव अजून मिळतो. एवढं असून काका खूश नाहीत. पूर्वी इराण्याकडे माणूस चहा संपवून जरा रेंगाळला की गल्ल्यावरून कसा आवाज यायचा, वेटर कसा कप आपटून ठेवायचा, पावाचा चुरा सांडला तर कशी नजर मिळायची! "परवा एका इराण्याकडे गेलो," काका खिन्नपणे म्हणाले, "पोरगा हसून म्हणाला, आणखी काही हवंय का सर?" मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

ही सगळी चर्चा, सगळे वाद, सगळ्या आठवणी रविवारी संध्याकाळी सात ते साडेआठ अशा झाल्या की माणसं उठतात आणि कोपऱ्यावरच्या उडप्याकडे जातात.

दुसरं करणार काय? थोरल्या वहिनींचा रविवारचा नेम, मांसाहार चालत नाही. साडूंना पंजाबी जड होतं. मुलांना नूडल्स हव्यात. आईला दात आणि पैसे दोन्ही सांभाळायचे असतात. ह्या सगळ्यांना एका छपराखाली बसवून खाऊ घालणं हे संयुक्त राष्ट्रसंघाला जमणार नाही, ते उडप्याला जमतं. माटुंग्याला रामा नायकांनी १९४२ साली बोर्डिंग काढून केळीच्या पानावर सांबार-भात वाढायला घेतला, तेव्हा पुढे आपल्याच गावाकडची पोरं शेजवान डोसा, पावभाजी डोसा आणि त्यावर किसलेलं चीज अशा मार्गाला लागतील, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. पण गिऱ्हाईक आम्ही असल्यावर त्या पोरांनी तरी काय करावं?

रविवारी टेबल मिळत नाही. ते मिळवावं लागतं. बाहेर नाव लिहून घेणारा एक जण वही घेऊन उभा असतो, पण अनुभवी माणसं त्याच्या भरवशावर राहत नाहीत. ती आत शिरतात आणि कुणाचं संपत आलंय ते हेरून त्याच्या खुर्चीमागे उभी राहतात. आमच्याकडे हे काम माझ्याकडे असतं. समोरच्या बाईच्या प्लेटमध्ये उत्तप्प्याचा शेवटचा तुकडा उरलाय. ती तो चटणीत बुडवते. वर उचलते. माझ्याकडे बघते. खाली ठेवते. मग नवऱ्याला म्हणते, "कॉफी घेऊ या का?" हे ती मुद्दाम करते, यात मला शंका नाही, कारण टेबल मिळाल्यावर, मागे दुसरा कुणी उभा राहिला की आम्हीही कॉफी मागवतो. एरवी रात्री कॉफीने आमच्या घरात कुणाला झोप येत नाही.

बसल्या बसल्या ओला फडका टेबलावरून फिरतो आणि पहिला प्रश्न येतो.

"पाणी साधं की बिसलेरी?"

टेबलावर क्षणभर शांतता. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. 'साधं' म्हणायची जबाबदारी घरातल्या वडीलधाऱ्यावर असते, आई म्हणते, "साधंच आण रे बाबा." वेटर "साधा!" असं मागे ओरडतो, आणि अख्ख्या हॉटेलला आमची परिस्थिती कळते.

मग मेन्यूकार्ड. हल्ली मी मेन्यूकार्डात पदार्थ वाचत नाही, दरांच्या पट्ट्या वाचतो. दर वाढले की मालक नवं कार्ड छापत नाही, जुन्या आकड्यावर पांढरी चिकटपट्टी लावून वर पेनाने नवा आकडा लिहितो. पुढच्या वर्षी तिच्यावर दुसरी. आमच्या उडप्याच्या कार्डात मसाला डोशासमोरची पट्टी बोटाला चांगली उंच लागते. दाजी नखाने तिचा एक कोपरा उचलतात, खालचा आकडा बघतात, मग त्याखालचा. "एकशे दहा… नव्वद… पासष्ट!" असं ते मोठ्याने वाचत खाली खाली जातात आणि सगळं टेबल हळूहळू तरुण होत जातं. पासष्टच्या थरापाशी माझं लग्न नुकतंच झालेलं होतं. वेटर हे सगळं बघत पेन्सिल कानावर ठेवून उभा असतो. त्याला एकशे दहाचीच ऑर्डर घ्यायची असते.

ऑर्डर द्यायची पद्धत ठरलेली आहे. वेटरला विचारायचं, "काय काय आहे?" कार्ड हातात असतं तरी विचारायचं. तो एका दमात इडली-मेदूवडा-साधाडोसा-मसालाडोसा-म्हैसूर-रवामसाला-कांदाउत्तप्पा-टोमॅटोउत्तप्पा म्हणून थांबतो. मग विचारायचं, "आणखी?" तो आणखी तेवढंच सांगतो. सगळं ऐकून झालं की म्हणायचं, "चार साधे डोसे." सूप असेल तर वन बाय टू. मागे साडूंनी वन बाय थ्री मागितलं होतं. वेटर आत जाऊन मालकाला विचारून आला आणि तीन वाट्यांत इतकं काटेकोर सूप घेऊन आला की सोनाराकडून मोजून आणलंय असं वाटावं.

पदार्थ आला की पहिला घास आईचा. आदर म्हणून नव्हे, तिची जीभ प्रयोगशाळा आहे म्हणून. ती डोळे मिटते, जिभेवर घोळवते आणि अहवाल देते. "सोडा आहे." नूडल्सचा एक धागा: "अजिनोमोटो." पनीरचा तुकडा: "रंग घातलाय. आणि पनीर म्हणून जे काही आहे ते मला नाही वाटत दुधापासून केलंय." चटणीत ओलं खोबरं किती आणि डाळं किती, हे तर ती नुसतं बघून सांगते. मग हिशेब सुरू होतो: एवढ्या पैशांत घरी अर्धा किलो पनीर आलं असतं, सगळे पोटभर जेवले असते, वर दुसऱ्या दिवशीच्या डब्याला उरलं असतं. हे बोलून होईपर्यंत तिचा डोसा संपलेला असतो आणि ती वेटरला खुणेने सांबार मागते.

सांबार ही खरी परीक्षा. उडप्याकडे सांबार आणि चटणी मागाल तितकी मिळते, असा एक अलिखित करार पूर्वापार चालत आला आहे. पहिल्यांदा मागितल्यावर वेटर "हो" म्हणतो. दुसऱ्यांदा नुसतीच मान हलवतो. तिसऱ्यांदा तो ऐकू न आल्यासारखा आमच्या टेबलावरून निघून जातो आणि पंख्याचं बटण दाबतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ हॉटेलाची प्रत फक्त यावरून ठरवतात. पदार्थाविषयी ते अवाक्षर काढत नाहीत. "तिथे तिसऱ्यांदा सांबार देतात," ते एवढंच सांगतात, आणि त्यांचा शब्द मी प्रमाण मानतो.

कोल्हापूरचा मित्र एकदा आमच्याबरोबर इथे आला होता. मुलांनी त्याच्या सन्मानार्थ व्हेज कोल्हापुरी मागवली. कार्डात तिच्या नावापुढे दोन मिरच्यांचं चित्र. आली ती लालभडक, वर तेलाचा तवंग, तवंगावर तळलेली अख्खी लाल मिरची आडवी ठेवलेली. मित्राने ती मिरची काट्याने उचलून उजेडात धरली. "ही भाजी कोल्हापुरात कुणाच्या घरी करत्यात, त्याचा पत्ता दे," तो वेटरला म्हणाला, "जाऊन पाया पडून येतो." वेटर मंगळुरूकडचा होता. त्याने जाऊन मालकाला विचारलं. मालकाने गल्ल्यावरून ओरडून सांगितलं, "साब, स्पायसी कम करके देगा!" तेव्हापासून त्या मित्राने आमच्याकडे मुक्कामाला यायचं टाळलं आहे. फोनवर बोलतो.

(जाता जाता: एसटीच्या जेवणाच्या थांब्यावर यातलं काहीच होत नाही. कंडक्टर "गाडी पंधरा मिनिटं थांबेल" म्हणून ड्रायव्हरबरोबर आतल्या खोलीत अदृश्य होतो आणि आपण मिळेल तो वडा गरम आहे असं समजून खातो. मराठी माणूस मत न देता खातो अशी ती एकच जागा. मत तो गाडी सुटल्यावर, शेजारच्या सीटवाल्याला देतो.)

मत द्यायची आपली भाषाही जपून वापरायची. "छान" हा शब्द आपण जेवणासाठी सहसा खर्च करत नाही. सर्वांत वरची पायरी म्हणजे "बरं आहे". त्याखाली "ठीक आहे". त्याखाली "वाईट नाही". आमचे एक चुलते एका नावाजलेल्या थाळीबद्दल "खाण्यासारखी आहे" म्हणाले होते. त्या हॉटेलवाल्याच्या कानावर ते गेलं असतं तर त्याने वाक्य चौकटीत घालून भिंतीवर लावलं असतं. मोबाइलवर हॉटेलांना तारे द्यायची सोय आली तेव्हा मराठी माणसाची पंचाईत झाली. पाच तारे देणं म्हणजे काहीतरी लिहून दिल्यासारखं वाटतं. आम्ही तीन देतो आणि खाली लिहितो, "अप्रतिम चव, सेवा उत्तम, पार्किंग नाही." कुणा मराठी माणसाने पाच तारे दिलेले दिसले, तर ते हॉटेल त्याच्या भावाचं आहे असं खुशाल समजावं.

तुलनेसाठीही आपल्याला समोरचं चालत नाही. हॉटेलात उत्तम आमटी मिळाली तर म्हणायचं, "अगदी घरच्यासारखी." घरी बायकोने पावभाजी केली तर म्हणायचं, "अगदी हॉटेलसारखी." हे दुसरं वाक्य म्हणताना 'कोणत्या हॉटेलसारखी' असा प्रश्न येतो, आणि तिथे जपून उत्तर द्यावं लागतं.

एवढी सगळी मतं असतात खरी, पण ती एका माणसाला कधीच ऐकायला मिळत नाहीत, तो म्हणजे हॉटेलवाला. बिल येतं. दाजी ते चष्मा वर करून तपासतात. दर वेळी सीजीएसटी अडीच टक्के आणि एसजीएसटी अडीच टक्के या दोन ओळींवर बोट ठेवून "हे दोनदा लावलंय" म्हणतात, दर वेळी मी समजावतो, दर वेळी ते "असू दे, पण विचारून ठेवलेलं बरं" म्हणतात. आई बडीशेप आणि खडीसाखर कागदी रुमालात बांधून घेते. मग आम्ही सगळे गल्ल्यापाशी जातो. शेट्टीअण्णा सुट्टे पैसे मोजता मोजता विचारतात, "कसा होता जेवण?"

आणि जिच्या जिभेवर सोडा, रंग, अजिनोमोटो हे सगळं अजून असतं ती आई म्हणते, "छान होतं हो!" दाजी म्हणतात, "एक नंबर." साडू म्हणतात, "मजा आली." मुलं मान डोलावतात. अण्णा खूश होऊन मुलांना बरणीतल्या गोळ्या देतात. आम्ही हसत हसत दाराबाहेर पडतो.

दाराबाहेर, चपला सरळ होतात न होतात तोच, खटला उभा राहतो. डोसा कुरकुरीत नव्हता. सांबारात गूळ होता. पूर्वीचा आचारी सोडून गेला असणार. नाशिकला एक नवीन उडपी झालाय, तो याच्यापेक्षा कितीतरी. पुण्याला तर काय बोलायलाच नको. इथे पुन्हा यायचं नाही, असं पानाच्या टपरीपाशी एकमताने ठरतं.

"मग पुढच्या रविवारी कुठे?" बहीण विचारते.

सगळे विचारात पडतात. स्टेशनजवळचं ते नवीन? तिथे फार वेळ उभं राहावं लागतं. तलावाकाठचं? तिथे एसी लावून पैसे घेतात. घोडबंदर रोडचं ते गार्डन? रस्ता खणून ठेवलाय. दाजी किल्ली फिरवत थोडा वेळ ऐकतात आणि म्हणतात, "इथेच येऊ. गाडी लावायला जागा मिळते."

"आणि तिसऱ्यांदा सांबार देतो," आई म्हणते.